घोडा, लिंबू आणि आमची गाडी

परवा रविवारी सकाळी चहाचा कप आणि पेपर घेऊन गॅलरीत बसलो होतो, तोच बेल वाजली. दारात आमच्याच सोसायटीतले दोघं. एक दुसऱ्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. दुसरा चौथ्या मजल्यावरचा तरुण मुलगा, एमआयडीसीत कामाला जाणारा. दोघांचेही चेहरे फुगलेले. "सर, आता तुम्हीच काय तो निवाडा करा," असं म्हणून दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले. मास्तरकी सोडून सतरा वर्षं झाली, पण लोक अजून मला पंच समजतात. (वर्गात दोन पोरांची मारामारी झाली की दोघांनाही एकेक छडी, हा माझा ठरलेला निवाडा असायचा. हे त्यांना ठाऊक नसावं!)

भांडण गाडीचं होतं. बँकवाल्यांनी आपली आठ वर्षं वापरलेली गाडी तीन महिन्यांपूर्वी या मुलाला विकली. मध्ये दलाल नाही, दुकान नाही, एका जिन्यातला व्यवहार. तीन लाख दहा हजारांना सौदा ठरला. मुलाने गाडीतून एक चक्कर मारली, एसी लावून पाहिला, कागदपत्रं पाहिली आणि पैसे दिले. दोन महिन्यांत पुढचे टायर एकाच बाजूने झिजायला लागले. अलाइनमेंट करून आणली, पुन्हा तेच. शेवटी मेस्त्रीने गाडी वर उचलली, खालून बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "ही गाडी पुढून जोरात ठोकलेली आहे. ओढून, वेल्डिंग करून सरळ केलीय."

बँकवाल्यांचं म्हणणं असं, "मी काही लपवून ठेवलं नव्हतं. गाडी समोर उभी होती, त्याने बघून घेतली. जुनी गाडी जशी आहे तशीच घ्यायची असते."

मुलाचं म्हणणं असं, "काका, तुम्ही सांगितलं असतं तर मी घेतलीच नसती. निदान पन्नास हजार तरी कमी दिले असते."

आता दोघांचंही बोलणं खरं होतं. हीच तर पंचाईत!

मी बँकवाल्यांना एकच प्रश्न विचारला. "गाडी ठोकलेली होती हे तुम्हाला माहीत होतं का?"

ते जरा थांबले. मग म्हणाले, "माहीत होतं. पण त्याने विचारलं कुठं?"

मंडळी, हे वाक्य ऐकलं आणि माझ्या हातातला चहा गार झाला. कारण हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, पाच वर्षांपूर्वी मी स्वतः एकाला ऐकवलं होतं. ती हकिकत पुढे सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय या विषयावर मत द्यायचा मला अधिकार नाही. पण आधी थोडं कायद्याचं आणि थोडं अर्थशास्त्राचं.

जुन्या गाडीच्या व्यवहारात दोन प्रकारची लबाडी असते. एक उघड. किलोमीटरचा आकडा मागे फिरवायचा, बँकेचं कर्ज बाकी असताना 'फिटलंय' म्हणून सांगायचं. हे सरळ खोटं आहे, त्यावर चर्चा करण्यासारखं काही नाही. दुसरा प्रकार गप्प राहण्याचा. गाडीला अपघात झालाय, गाडी पुरात बुडालीय, चढावर इंजिन तापतं. विकणाऱ्याला हे सगळं ठाऊक असतं, पण तो बोलत नाही. तो खोटं काहीच बोलत नाही, फक्त खरं बोलत नाही. आपल्याकडे स्थळ सांगून येतं तेव्हा मुलाचा पगार पहिल्याच वाक्यात येतो आणि मुलाची जुनी दुखणी लग्नानंतर कळतात, तसंच हे.

या गप्प राहण्याबद्दल कायदा काय म्हणतो? माझा एक बालमित्र वकील आहे. त्याने मला एकदा भारतीय करार कायदा उघडून दाखवला. हा कायदा १८७२ सालचा, म्हणजे मोटारगाडीच्या जन्माआधीचा. त्यामुळे त्यात गाडीच्या जागी घोडा आहे. सतराव्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय आणि पुढे उदाहरणं दिली आहेत. (उदाहरणं देऊन शिकवणारा कायदा पाहून माझ्यातला मास्तर खूष झाला.) पहिलं उदाहरण असं: एकाने लिलावात दुसऱ्याला घोडा विकला. घोड्यात खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, पण तो काहीच बोलला नाही. ही फसवणूक आहे का? कायदा म्हणतो, नाही. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे.

बँकवाल्यांना हे ठाऊक असतं तर किती बरं वाटलं असतं! पण लगेच पुढे दुसरं उदाहरण आहे. घोडा घेणारी विकणाऱ्याची मुलगीच आहे आणि ती नुकतीच सज्ञान झालीय. आता मात्र त्या नात्यामुळेच खोट सांगणं हे बापाचं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं उदाहरण तर फारच मार्मिक आहे. घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी घोडा धडधाकट आहे असं समजेन." विकणारा गप्प बसतो. इथे त्याचं गप्प बसणं हे बोलण्यासारखंच आहे.

म्हणजे बघा, दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही कळत होतं की गप्प बसण्याचेही प्रकार असतात. अनोळखी माणसापुढचं गप्प बसणं वेगळं आणि जो आपल्यावर विसंबलाय त्याच्यापुढचं वेगळं.

बाकी कायद्याचा कल घरगुती व्यवहारात बहुतेक विकणाऱ्याकडेच आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे माल चांगल्या प्रतीचा असलाच पाहिजे ही गृहीत अट मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्याला लागू होते. आपल्यासारखा माणूस आयुष्यात एखादी गाडी विकतो, तो काही गाड्यांचा व्यापारी नव्हे. ग्राहकांसाठीचा कायदा १९८६ चा घ्या की नवा २०१९ चा, त्यातली मालाबद्दलची तक्रारही मुळात व्यापाऱ्याविरुद्ध किंवा मालाच्या उत्पादकाविरुद्ध करायची असते, शेजारच्या काकांविरुद्ध नाही. राहिलं दिवाणी कोर्ट. तिथेही करार कायद्याचं एकोणिसावं कलम आडवं येतं. समोरचा नुसता गप्प राहिला म्हणून फसलो, असं घेणारा म्हणू लागला तर कोर्ट विचारतं, तू साधी काळजी घेतली असतीस तर तुला खरं कळलं नसतं का? पाचशे-हजार रुपये देऊन मेस्त्रीला सोबत का नेलं नाहीस? आणि हे सगळं करायला वर्षं किती लागतील, वकिलाची फी किती होईल, हा हिशेब घातला की तीस-चाळीस हजारांच्या वेल्डिंगसाठी कुणी कोर्टाची पायरी चढत नाही. म्हणून ही भांडणं जिन्यात, लग्नकार्यात आणि माझ्यासारख्या निवृत्त मास्तरांच्या सोफ्यावर येतात.

आता अर्थशास्त्र. माझा नातू पुण्यात अर्थशास्त्र शिकतो. त्याने मला एका गंमतीच्या निबंधाबद्दल सांगितलं. जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर तो निबंध लिहिला. तिकडे बोलीभाषेत खराब निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणजे लिंबू म्हणतात. (आपण नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतो, ते लोक गाडीलाच लिंबू म्हणतात. देशोदेशीची तऱ्हा!) त्याचं म्हणणं साधं आहे. गाडी चांगली की लिंबू हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने बघतो आणि भाव पाडून मागतो. मग ज्याची गाडी खरोखर चांगली आहे तो म्हणतो, इतक्या कमी भावात कशाला विकू? तो विकतच नाही. बाजारात उरतात ती लिंबं. त्यामुळे भाव आणखी पडतात. हा निबंध सुरुवातीला दोन-तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता म्हणे, आणि त्याच कामासाठी २००१ साली त्याला दोघांबरोबर नोबेल विभागून मिळालं.

नातवाने सांगितलं तेव्हा मी मान डोलावली. पण मनात आलं, या बाजारात एक जागा अशी आहे की जिथे अकेरलॉफचं गणित चालत नाही. ती म्हणजे ओळखीचा व्यवहार. ओळखीच्या माणसाकडून गाडी घेताना आपण भाव पाडत नाही, उलट दोन पैसे जास्त देतो. का? तर खात्री असते म्हणून. म्हणजे त्या दोन पैशांत आपण गाडी नाही, विकणाऱ्याचा शब्द विकत घेत असतो. आणि नेमका तोच माल खोटा निघाला तर?

आता माझी हकिकत.

मी मूळचा सांगलीच्या गावभागातला. माझ्या मुलाने हट्ट करून २०१३ साली मला एक छोटी चारचाकी घ्यायला लावली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही दोघं आधीच विश्रामबागेत मेहुण्यांकडे जाऊन राहिलो होतो. गाडी काढायला म्हणून परत गेलो तोवर गल्लीत पाणी शिरलेलं होतं. पाणी ओसरल्यावर जाऊन पाहिलं तर गाडीत सीटपर्यंत गाळ. नशिबाने कुणी किल्ली फिरवली नव्हती. नाहीतर इंजिनात पाणी जाऊन ते तिथेच मोडलं असतं. गाडी ओढून मेस्त्रीकडे नेली. विम्याचे थोडे पैसे मिळाले, थोडे घालावे लागले. कार्पेट बदललं, सीटा धुऊन वाळवल्या, सगळी तेलं बदलली. दिवाळीपर्यंत गाडी चालू झाली. मेस्त्रीने मात्र तेव्हाच सांगितलं होतं, "सर, वायरिंगचा भरवसा नाही. कपलरमध्ये ओल राहिली की हळूहळू हिरवं चढतं. आज चालेल, सहा महिन्यांनी दगा देईल. ठेवू नका."

तसाही डोळ्यांचा त्रास सुरू झालेला. मी गाडी विकायची ठरवली आणि ओळखीच्या चार लोकांना सांगून ठेवलं. संक्रांत झाल्यावर माझा एक जुना विद्यार्थी आला. हुशार नव्हता, पण सरळ होता. दर गुरुपौर्णिमेला तासगावचे बेदाणे घेऊन यायचा. त्याच्या वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यावं लागायचं. रिक्षाच्या खर्चाने तो मेटाकुटीला आला होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. मी किल्ली पुढे केली तर म्हणाला, "राहू दे सर. तुमची गाडी म्हणजे त्यात बघायचं काय?"

मी हसलो. बोललो नाही.

एक लाख सत्तर हजारांत गाडी दिली. त्याने भावात घासाघीस केली नाही. तो जाताना ही मला स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "पाण्याचं सांगितलंत का?" मी म्हटलं, "विचारलं तर सांगेन." माझी बायको चौथी शिकलेली आहे आणि मी बीए, बीएड. तिने पुढे काही विचारलं नाही, नुसतं बघितलं.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. मे महिन्यात एका रात्री वडिलांना अचानक धाप लागली म्हणून तो त्यांना घेऊन मिरजेला निघाला आणि निम्म्या वाटेत गाडी बंद पडली. दिवे गेले, स्टार्टर फिरेना. रस्त्यावर चिटपाखरू नाही, रिक्षा नाही, मदतीला थांबणारी दुसरी गाडी नाही. नाक्यावरच्या पोलिसांनी १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागला. वडील वाचले. पण ते वाचले म्हणून मी आज हे लिहू शकतोय. नसते वाचले तर माझ्याने एक ओळही लिहवली नसती.

चार दिवसांनी तो आला. तोंडाला मास्क, गेटच्या बाहेरच उभा राहिला. मी आत या म्हणालो नाही, ते दिवसच तसे होते. त्याला मेस्त्रीने सगळं सांगितलं होतं. सीटच्या पट्ट्याची पार तळापर्यंतची टोकं ओढून दाखवली होती, त्यावर गाळाची रेघ स्पष्ट होती. सीटखालचे स्क्रू गंजलेले, कपलर हिरवे पडलेले. तो ओरडला नाही, तावातावाने बोलला नाही. त्याने फक्त विचारलं, "सर, तुम्हाला माहीत होतं का?"

आणि मी म्हणालो, "अरे, पण तू विचारलं कुठं?"

तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

त्यानंतरच मी त्या वकील मित्राकडे गेलो होतो. खरं सांगायचं तर कायदा शिकायला नाही, सुटका शोधायला गेलो होतो. त्याने ती घोड्याची उदाहरणं वाचून दाखवली. पहिल्या उदाहरणाला मला हायसं वाटलं. दुसऱ्याला मनात चुकचुकलं. गुरु-शिष्याचं नातं कायद्यात तिथे लिहिलेलं नाही, पण लिहायला हवं होतं का? तिसऱ्याला मात्र गप्पच झालो. 'तुमची गाडी म्हणजे त्यात बघायचं काय?' या वाक्याचा अर्थ दुसरा काय होता? तो मला सांगत होता, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी गाडी धडधाकट आहे असं समजेन.

मित्र म्हणाला, "तू घाबरू नकोस. हे सिद्ध करणं अवघड असतं." मग चष्मा काढून त्याने विचारलं, "तू नुसता गप्पच बसलास ना? काही झाकलं-बिकलं नाहीस ना? कारण जाणूनबुजून दडवणं हे याच कलमात फसवणूक म्हणून लिहिलेलं आहे."

मला ती बाटली आठवली. गाडीत गाळाचा कुबट वास काही केल्या जात नव्हता. म्हणून विकायच्या आधी आठवडाभर मी डॅशबोर्डवर चंदनाच्या वासाची बाटली आणून ठेवली होती. तोवर मी ती बाटली कधी हिशेबात धरलीच नव्हती. म्हणजे मी नुसता गप्प नव्हतो. मी वास झाकला होता, साठ रुपये खर्च करून!

महाभारतात धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा असं सांगतात. अश्वत्थामा गेला हे त्याने द्रोणाचार्यांना मोठ्याने सांगितलं आणि गेला तो हत्ती, हे हळूच पुटपुटला. तेव्हा त्याचा रथ जमिनीला टेकला. ही गोष्ट मी पस्तीस वर्षं वर्गात सांगितली. तिथे तर शिष्याने गुरूला फसवलं होतं. इथे उलटं झालं. आणि धर्मराज निदान पुटपुटला तरी होता.

असो. आता मुद्द्याचं बोलतो.

माझं मत असं आहे की जी खोट आपल्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला सहज दिसणार नाही, ती न विचारता सांगितली पाहिजे. 'विचारलं नाही' ही सबब चालणार नाही. कारण काय विचारायचं हे त्यालाच कळतं ज्याला खोट माहीत असते! गाडी पुरात होती का, हे सांगलीतला माणूस कदाचित विचारेल, पण 'पुढचा भाग वेल्डिंग करून सरळ केलाय का' हे एमआयडीसीतल्या पोराला कसं सुचावं? प्रश्न न सुचणं हा त्याचा गुन्हा नाही, उत्तर ठाऊक असून न देणं हा आपला आहे.

पण विकणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. जुनी गाडी जुनीच असते. माझ्या एका सहकाऱ्याने स्कूटरपासून गाडीपर्यंत सगळं खरं सांगून विकलं, तरी घेणारा सात महिन्यांनी क्लच गेला म्हणून पैसे मागायला आला. क्लच, बॅटरी, टायर, ब्रेकचे लायनर या झिजणाऱ्याच वस्तू आहेत. त्यांची हमी कुणी द्यायची? आणि विकणाऱ्याला माहीतच नसलेला दोष निघाला तर त्याला लबाड म्हणायचं का? अजिबात नाही. म्हणून मी म्हणतो, भांडणात पहिला प्रश्न 'दोष होता का' हा नसावा. पहिला प्रश्न 'माहीत होतं का' हा असावा. माझ्या विद्यार्थ्याने नेमका तोच विचारला होता.

यावर मला सुचलेला उपाय अगदी शाळेतला आहे. एक कागद घ्यावा. विकणाऱ्याने आपल्या हाताने त्यावर पाच-सात ओळी लिहाव्यात. अपघात झालाय का, कधी, काय बदललं. पाणी शिरलंय का. इंजिन किंवा गिअर उघडलेत का. कर्ज फिटलंय का, बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का. दंडाची चलनं बाकी आहेत का. मला माहीत असलेले दोष हे हे. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख, एकेक प्रत दोघांकडे. तोंडी गप्प बसणं सोपं असतं. पण समोर 'पाणी शिरलंय का' असा रकाना असताना त्यात 'नाही' असं स्वतःच्या अक्षरात लिहायला हात थरथरतो. माझा तरी थरथरला असता. आणि हाच कागद विकणाऱ्यालाही वाचवतो. पुढे कुणी क्लचचे पैसे मागायला आलं तर दाखवायला तो हाताशी असतो.

घेणाऱ्यानेही भिडेपोटी डोळे मिटू नयेत. आपल्याला वाटतं, ओळखीच्या माणसाची गाडी मेस्त्रीला दाखवली तर त्याला काय वाटेल? काही वाटत नाही. ज्याला वाटतं, त्याच्याकडून गाडी घेऊच नये. गाडी दिवसाउजेडी बघावी, थंड इंजिनावर सुरू करून बघावी, सीटचे पट्टे पूर्ण ओढून बघावेत, कार्पेट उचलून नाक लावावं. गाडीत अत्तराचा वास जास्तच येत असेल तर जरा जास्तच बघावं! आणि व्यवहार झाला की नमुना २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलून घ्यावं. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. यात आळस करू नये. नाव बदललं नाही आणि पुढे अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी कागदोपत्री मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

तर परवाच्या निवाड्याकडे येतो. मी त्या दोघांना माझी ही हकिकत सांगितली. घराबाहेरच्या कुणाला, त्या वकिलाखेरीज, पहिल्यांदाच सांगितली. बँकवाले खाली मान घालून ऐकत होते. मी निकाल असा दिला नाही, नुसतं म्हणालो, "तुमच्या जागी मी होतो आणि मी चूक होतो." पोरालाही सांगितलं, की मेस्त्रीला न नेण्याची चूक तुझी, त्यामुळे सगळा भार काकांवर टाकू नकोस. दुसऱ्या दिवशी बँकवाल्यांनी दुरुस्तीचा निम्मा खर्च देऊ केला आणि त्याने घेतला. लिफ्टमध्ये अजून एकमेकांकडे बघत नाहीत, पण ते एक वेळ चालेल.

आणि माझ्या विद्यार्थ्याचं काय झालं? वकील मित्राकडून आल्यावर दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी बँकेतून पैसे काढले. नवीन वायरिंग आणि ईसीएम (म्हणजे गाडीचा मेंदू) मिळून अडतीस हजार खर्च होता, तो सगळा एका पाकिटात घातला आणि त्याच्या घरी गेलो. ही सोबत आली होती. मी म्हटलं, "मला माहीत होतं. मी सांगायला हवं होतं." त्याने नको-नको म्हटलं नाही. पाकीट घेतलं, उघडलं आणि माझ्यासमोर नोटा मोजल्या. सावकाश, अंगठ्याला थुंकी न लावता, दोनदा.

बरोबरच केलं त्याने. व्यवहारात पैसे मोजूनच घ्यावेत. पण ज्या मुलाने एक लाख सत्तर हजारांची गाडी किल्लीसुद्धा न फिरवता घेतली होती, तो माझे अडतीस हजार मोजत होता. मी उभा राहून बघत होतो. ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

त्या वर्षीपासून बेदाणे यायचे थांबले. गाडी अजून त्याच्याकडेच आहे, उत्तम चालते असं कळतं.